पार्वतीला सासू कुठून आली?

जिन्यात आमची टक्कर झाली तेव्हा मी आधीच चिडलेली होते. हे मुद्दाम सांगते, कारण टक्कर झाली म्हणून मी चिडले असं तो पुढे सगळ्यांना सांगत सुटला. साफ खोटं! मी मालकांच्या खोलीचं दार आपटून, पायऱ्या गाळत खाली येत होते. तो खालून वर येत होता. दोन्ही तळहातांवर एक जाड कागद आडवा धरून, एकेक पायरी जपून, काठोकाठ भरलेली परात नेतात तसा. वळणावर आम्ही समोरासमोर आलो आणि माझी बाही त्या कागदावरून सर्रकन फिरली.

"शाई ओली होती," तो म्हणाला. ओरडला नाही. बातमी सांगावी तसं सांगितलं.

मी कागदाकडे पाहिलं. काळ्याभोर, डौलदार अक्षरांत 'कविराज' असं लिहिलेलं होतं. म्हणजे आता 'कवि' होतं, 'राज' माझ्या बाहीला लागलं होतं.

"बरं झालं," मी म्हणाले.

"अं?"

"पुसलं गेलं ते बरंच झालं. नाहीतरी चुकीचं आहे."

त्याने कागद उजेडाकडे तिरका केला. "ऱ्हस्वदीर्घ चुकलंय?"

"माणूस चुकलाय!"

यावर एखाद्याने वाद घातला असता, नुकसानीचं बोलला असता. हा हसायला लागला. गालावर शाईचा डाग, केस विस्कटलेले, आणि हसणं असं की जिन्यातल्या अंधारातसुद्धा दिसलं. "मला जे नाव सांगतात ते मी काढतो हो, बाई. माणूस बरोबर आहे का, ते कुणी विचारत नाही."

"मग विचारत चला," असं फणकाऱ्याने म्हणून मी निघाले. खाली पोचल्यावर लक्षात आलं की मला खाली काहीच काम नव्हतं. आता परत वर जायचं तर त्याच्यासमोरून जावं लागणार. मी गोदामात पुस्तकांचे गठ्ठे उगाचच मोजत उभी राहिले आणि त्याच्यावर आणखी चिडले.

आता मी का चिडले होते ते सांगते. ऐकून तुम्ही चिडला नाहीत तर आपलं जमणार नाही.

मी एका प्रकाशनात संपादक आहे. आमचे मालक एका जुन्या कवीचा संग्रह नव्याने काढत होते. त्या कवीला सगळे कविराजच म्हणतात. त्या काळचे कवी पदाच्या शेवटी आपलं नाव गुंफत, 'अमका म्हणे'. ती त्यांची सही. या संग्रहात शेवटी काही पदं आहेत, ज्यांच्या अखेरीस 'गिरिजा म्हणे' असं येतं. साध्या माणसाला काय वाटेल? की गिरिजा नावाच्या कुणा बाईने ती लिहिली. पण विद्वानांना तसं वाटलं नाही. गिरिजा म्हणजे पार्वती, म्हणून ही पार्वतीने शंकराजवळ केलेली तक्रार, आणि ती कल्पिली कविराजांनी! मग पिढ्यान् पिढ्या कौतुक चाललंय, की वा, स्त्रीच्या मनाचा काय ठाव घेतलाय या पुरुषाने!

म्हणजे बघा. पुरुषाने 'अमका म्हणे' लिहिलं की आपण लगेच त्याचं नाव मुखपृष्ठावर छापतो. बाईने लिहिलं की ती देवी होते. देवीला काय, ना सही लागते, ना मानधन. हार घातला की झालं. एखादीचं माणूसपण काढून घ्यायची इतकी सभ्य रीत दुसरी नसेल.

हे मी मालकांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "अगं, कविराजांचं नाव आहे म्हणून तर पुस्तक खपतं. तू फक्त छपाईच्या चुका बघ." म्हणून दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर माझ्या लांबलचक टेबलाच्या पलीकडच्या टोकाला तो बसलेला. समोर दौत, बोरू, कोरे कागद.

"खाली दमट आहे, शाई वाळत नाही," तो म्हणाला. "मालक म्हणाले, इथे बसा. आणि इथून जिना लांब पडतो."

"मी माफी मागणार नाहीये."

"मी कुठे मागितली?" त्याने बोरू बुडवला. "तुम्ही फार चिडता म्हणे."

"कोण म्हणे?"

"सगळेच म्हणे."

"बघा, हाच शब्द!" मी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. "याच शब्दाने घात केलाय. म्हणे. बोलणारीची सहीही तोच आणि ऐकीव गोष्टही तोच. कविराजांनी म्हटलं तर ती सही. गिरिजाने म्हटलं तर उडती बातमी!"

त्याचा बोरू हवेतच थांबला. एक थेंब टपकला, कागद वाया गेला, तरी त्याचं लक्ष माझ्याकडेच. माझं बोलणं कुणी असं ऐकत नाही. माझा आवाज चढला की लोक खिडकीबाहेर बघतात, नाहीतर पाण्याचा पेला पुढे करतात. हा नुसता ऐकत होता... मला एकदम अवघडल्यासारखं झालं.

"वाचून दाखवा की," तो म्हणाला. "मी मुखपृष्ठांवरची नावं काढतो, पण आत काय असतं ते मला कधी कळतच नाही."

मी वाचलं. चिडूनच वाचलं, पण वाचता वाचता आवाज खाली आला.

*ओले सरपण, डोळां आले पाणी,*
*भ्रतार तो वाणी घडीतसे ।*
*सासू मज पुसे, चूल का विझली,*
*शब्दांनी भिजली, गिरिजा म्हणे ॥*

पंखा घरघरत होता. तो हळूच म्हणाला, "नवरा कविता करत बसलाय. लाकडं ओली. धुराने डोळे चुरचुरतायत. आणि वर बोलणी हिलाच."

"हो ना! आणि विद्वान काय म्हणतात माहितीये? भ्रतार म्हणजे शंकर. वाणी घडवतो म्हणजे सृष्टीची अक्षरं निर्माण करतो. धूर हा स्मशानातला. सगळं बसवलंय त्यांनी, अगदी चपखल! फक्त ही सासू—"

मी थांबले. पुन्हा ती ओळ वाचली. मग पुन्हा.

"काय झालं?" तो उठून जवळ आला. शाईचा आणि धुतलेल्या सदऱ्याचा वास आला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे, आणि मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"शंकराला आई नाही. तो अनादी. त्याला कुणी जन्मच दिला नाही. मग... पार्वतीला सासू कुठून आली?"

तो असा काही खदखदून हसला की खालच्या गोदामातून कुणीतरी "काय झालं रे?" विचारलं. मीही हसले. मी ऑफिसात हसले ही बातमी मजलाभर पसरायला वेळ लागला नाही.

त्या संध्याकाळी घरी मी ताटावर बसले आणि बोलतच राहिले. आई शांतपणे वाढत होती. आमच्या घरी मी चिडले नाही तर ती कपाळाला हात लावून ताप बघते.

"बरं, आणि हा शाईवाला कोण?" तिने विचारलं.

"कोण शाईवाला?"

"ज्याच्यावर तू मघापासून चिडत्येस. तो हळू बोलतो म्हणून चिडलीस. कागद वाया घालवतो म्हणून चिडलीस. उद्या सुट्टी घेतोय म्हणूनही चिडलीस."

"त्याचं काम राहिलंय!"

"हो, हो. कामच," आई म्हणाली आणि माझ्या पानात न मागता भात वाढला. मी तिच्यावरही चिडले. पण झोपताना मला त्याचं ते हसणं आठवलं आणि उशीत तोंड खुपसून मी एकटीच लाल झाले. हे मला मुळीच मान्य नव्हतं. माझा राग हा माझा स्वतःचा, कमावलेला राग होता, आणि कुणीतरी त्याच्या मधोमध येऊन आरामात बसलं होतं.

आठवड्याच्या शेवटी मालकांनी बैठक बोलावली. प्रस्तावना लिहिणारे सर आले होते. कविराजांवर शेवटचा शब्द त्यांचा, असं सगळे मानतात, आणि सर तर नक्कीच मानतात. मालकांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, बिलांची फाईल घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. शाईवाला मुखपृष्ठाचे नमुने घेऊन दाराशी उभा.

मी पद वाचलं आणि माझा प्रश्न विचारला.

सरांनी चष्मा काढला. "अहो, काव्य आहे ते. सासू ही इथे प्रतीकात्मक. सासू म्हणजे माया. माया जीवाला छळते, तशी."

"माया?" वहिनींनी फाईल मिटली. "सर, तुम्ही माझ्या सासूबाईंना भेटला नव्हता."

मालक खोकले. "अगं, माझ्या आईचा काय संबंध इथे?"

"तेच म्हणत्येय मी. पार्वतीचा काय संबंध? चूल का विझली हे विचारणारी बाई देवलोकातली नसते. ती खोलीत असते, शेजारच्या." वहिनी माझ्याकडे वळल्या. "वाच गं पुन्हा. ते शब्दांनी भिजली वाच."

मी वाचलं. वहिनींनी डोळे पुसले आणि लगेच पंख्याच्या धुळीला दोष दिला. सर म्हणाले, विचार करतो. मालकांनी वहिनींकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि ज्या घरात रोज जेवायचं असतं त्या बाजूने निकाल दिला. ती पदं वेगळी काढायची. वेगळं पुस्तक. मुखपृष्ठावर 'गिरिजा'.

मी नाचायचीच बाकी होते. दाराशी तो उभा होता. त्याने भुवया किंचित उंचावल्या, एवढंच. "आता बरोबर माणूस काढू ना, संपादकबाई?" त्याने जाता जाता विचारलं. मी फक्त मान हलवली.

मग पुढचे दिवस फार छान गेले. तो 'गिरिजा' काढायचा आणि मला दाखवायचा.

"ही?"

"फार लाजाळू दिसत्येय. हिने नवऱ्याला टोमणा मारलाय, तोही छंदात."

"मग ही?"

"ही पालखीत बसल्यासारखी. चुलीपुढची हवी मला."

"चुलीपुढची..." तो कागदावर वाकायचा. कपाळावर बट यायची, ती तो शाईच्या बोटांनी मागे सारायचा, की कपाळाला डाग. मी रुमाल पुढे करायचे. तो घ्यायचा, पुसायचा भलतीकडेच. "अहो, इकडे," असं म्हणून मी बोट दाखवायचे. एकदा बोट दाखवता दाखवता ते त्याच्या कपाळाला लागलं. आम्ही दोघंही एकदम आपापल्या कामाला लागलो, इतक्या जोराने की मी तोच परिच्छेद चारदा तपासला. शेवटी गिरिजा जमली. वेलांटी जरा मागे झुकलेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिल्यासारखी. मी म्हणाले, "हीच." तो म्हणाला, "तुमच्याकडे बघूनच काढली."

यावर मी काय बोलावं? मी म्हणाले, "शिरोरेघ जाड झालीय."

आणि मग प्रस्तावना आली.

सरांनी ती नवी लिहिली होती. पहिल्याच पानावर होतं, 'या पदांचा अनेक वर्षे व्यासंग करताना आमच्या ध्यानी आले की शिवाला माता नाही, मग गिरिजेला सासू कोठून? या एका प्रश्नाने आम्ही—' पुढे मला वाचवेना. आमच्या ध्यानी! आम्ही!

मी तो कागद घेऊन मालकांच्या खोलीत गेले. तो मुखपृष्ठ द्यायला तिथेच आला होता.

"बघितलंत?" मी विचारलं.

मालकांनी बघितलं होतं. "अगं, सरांच्या नावाला वजन आहे. त्यांनी म्हटलं की चार लोक मानतात. तुझं नाव टाकून काय होणार? आणि तू काय परकी आहेस का? तू तर घरचीच."

आता मी काय करायला हवं होतं? दार आपटायला हवं होतं. टेबल उलटं करायला हवं होतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका बाईसाठी मी सगळा मजला डोक्यावर घेतला होता. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा... 'घरचीच' या शब्दाला उत्तरच सापडेना. इतका गोड शब्द, आणि त्याने अगदी व्यवस्थित तोंड बंद केलं. मी खाली बघत उभी राहिले.

"नाही," कुणीतरी म्हणालं.

तो होता. मी त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्याला ती सवयही नव्हती, कारण चेहरा आधी लाल झाला, मग कान, आणि शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडायला लागले.

"नाही म्हणजे... हे... असं कसं? मी तिथे होतो! यांनी... माझ्यासमोर... ती सासू यांची आहे! म्हणजे यांची नाही, पार्वतीची... पार्वतीची पण नाही! ती यांनी शोधलीय! आणि तुम्ही... तुम्ही घरची म्हणता? गिरिजासुद्धा घरचीच होती की हो!"

त्याने मुठी आवळल्या होत्या आणि मुखपृष्ठाचा कागद त्यात चुरगळत होता, याचं त्याला भान नव्हतं. स्वतःच्या कामाला जो फुंकर घालून जपायचा, तो.

माझ्यासाठी कुणीतरी चिडलं होतं. जन्मभर मी एकटीच चिडत आलेय. लोक म्हणतात शांत हो, जाऊ दे, पाणी पी. माझ्या बाजूला उभं राहून, माझ्याइतकंच लाल होऊन कुणी कधी चिडलं नव्हतं. आणि किती वाईट चिडत होता! एकही वाक्य धड नाही. मला त्या क्षणी तो इतका आवडला की माझा आवाज जागेवर आला.

"मालक," मी म्हणाले, "छपाईला सोडायची सही माझी असते. ती मी करणार नाही. एका बाईचं नाव कसं खाल्लं गेलं यावर तुम्ही पुस्तक विकताय, आणि त्याच पुस्तकात दुसरीचं खाताय. हे मी वहिनींना जाऊन सांगू, की तुम्ही सांगाल?"

मालकांनी दाराकडे पाहिलं. वहिनी दारातच उभ्या होत्या. बहुतेक 'सासू' ऐकल्यापासून.

मालक खुर्चीत मागे टेकले. "दोघंही ओरडू नका," ते म्हणाले. "आतल्या पानावर घे तुझं नाव. शोध आणि संपादन. सरांशी मी बोलतो."

"आणि प्रस्तावनेतलं ते 'आमच्या ध्यानी'?"

"तेही काढायला सांगतो. आता जा बाई, माझं डोकं दुखतंय."

आम्ही टेबलाशी परत आलो. त्याचे कान अजून लाल होते. त्याने चुरगळलेला कागद सरळ करायचा प्रयत्न केला, सोडून दिला, आणि नवा कागद घेतला.

"आतल्या पानावरचं नाव टाइपातच टाकतात," मी म्हणाले. "तुम्ही कशाला काढताय?"

"काढणार," तो म्हणाला. त्याने बोरू बुडवला. पहिलंच अक्षर फराटलं. त्याने ते बाजूला ठेवलं, दुसरा कागद घेतला आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण, एका दमात. मी ते आयुष्यभर अर्जांवर आणि बिलांवर पाहिलं होतं. ते इतकं देखणं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो कागदाकडेच बघत म्हणाला, "फार... म्हणजे, पहिल्या दिवसापासून... फार आवडतं."

"काय आवडतं?"

"हे... नाव. नाव म्हणजे नुसतं नाव नाही. सगळंच. चिडणं वगैरे धरून."

आणि मला भयंकर राग आला.

"हे वाक्य आहे?" मी म्हणाले. "कुणाला आवडतं? कोण आवडतं? पहिल्या दिवसापासून म्हणता, आणि आज सांगता? तेही असं, खाली मान घालून, अर्धवट? इतकं भांडून झाल्यावर तुम्ही मला निनावी वाक्य देताय? मी नाही घेणार!"

त्याने मान वर केली. आधी घाबरला, मग माझा चेहरा नीट पाहिला, आणि जिन्यातल्या अंधारात दिसलं होतं ते हसू हळूहळू पसरलं. त्याने बोरू खाली ठेवला. हात पुसले. आणि माझ्या नावाने सुरुवात करून, स्वतःच्या नावाने शेवट करून, मधलं सगळं न अडखळता, मोठ्याने म्हणाला. पलीकडच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले.

"हं," मी म्हणाले. "आता बरोबर आहे."

"आणि तुमचं उत्तर?"

मी त्याच्या समोरचा कागद ओढला, बोरू घेतला, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि अत्यंत वाईट अक्षरात 'हो' लिहिलं. खाली सही केली.